झऱ्यावरचं एक्स्चेंज

आधीच सांगून टाकतो, झऱ्याच्या पाण्याचं मला काडीचं कौतुक नाही. आमच्या घरी नळ आहे. त्याला पाणी येतं, ते स्वच्छ असतं आणि मुख्य म्हणजे ते आपलं आपण तिसऱ्या मजल्यावर चढतं. असं असताना रोज सकाळी साडेसहाला उठायचं, दोन रिकामे कॅन घेऊन उतारावरच्या एकतीस पायऱ्या उतरायच्या, रांगेत पाऊण तास ताटकळायचं आणि भरलेले कॅन घेऊन त्याच एकतीस पायऱ्या चढायच्या, याला काय म्हणावं? मी याला सासूबाई म्हणतो.

माझं किल्ल्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधली फट. तिच्यात एक मशीन, भिंतीवर कोऱ्या किल्ल्या, एक स्टूल आणि मी. पितळेचा कीस माझ्या बाहीत, खिशात, कधीकधी जेवणाच्या डब्यातही सापडतो. दिवसभर मशीनची किरकिर ऐकून डोकं उठतं, म्हणून सकाळची तेवढी झोप मला प्यारी होती. होती म्हणायचं, कारण सहा वर्षांपूर्वी सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या.

सासूबाई म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हे. चौतीस वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. डोक्याला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात वायरी. लोकांनी नंबर मागायचा, यांनी वायर खोचून जोडून द्यायचा. चौतीस वर्षांत एकही राँग नंबर लागला नाही, हे वाक्य आमच्या घरात मिठाइतकं लागतं. भाजी बिघडली, भांडण झालं, पाहुणे आले, कुठेही ते घालता येतं.

सासरे गेल्यावर बायको त्यांना आमच्याकडे घेऊन आली, तेव्हा मात्र हा बोर्ड पार बंद पडला होता. चार महिने बाई खिडकीशी बसून होत्या. ना कोणाशी बोलणं, ना कशाची चौकशी. जेवायला बोलावलं की यायच्या, चार घास चिवडायच्या, पुन्हा खिडकी. जावयाला यापेक्षा सोयीची सासू कुठे मिळणार, पण खोटं कशाला बोलू, मलासुद्धा ते बघवेना. बायको तर रडकुंडीला आली होती. शेवटी खालच्या मजल्यावरच्या वहिनी एक दिवस त्यांना आपल्याबरोबर झऱ्यावर घेऊन गेल्या. सातला गेलेल्या सासूबाई साडेदहाला परत आल्या. हातात अर्धा कॅन पाणी होतं आणि पोटात अकरा माणसांची खबरबात. त्या दिवशी त्यांनी दोनदा वाढून घेतलं.

झरा आमच्या रस्त्याच्या उताराला, पायऱ्यांच्या तळाशी आहे. काळ्या दगडाची भिंत, तिच्यातून बाहेर आलेली पितळी तोटी, खाली दगडी कुंड. तोटीला चावी नाही, पाणी अखंड पडत असतं. शेजारी नगरपालिकेची पाटी, 'पिण्यास योग्य'. इथे रांग माणसांची नसते, कॅनची असते. आपला कॅन रांगेत ठेवायचा आणि कठड्यावर जाऊन बसायचं. पुढचा कॅन हलला की जो कोणी जवळ असेल तो मागचे सगळे पायाने पुढे सरकवतो. म्हणजे माणसं मोकळी, आणि माणसं मोकळी म्हणजे तोंडं मोकळी. सासूबाईंना आणखी काय हवं होतं.

महिनाभरात त्यांनी झऱ्याचा ताबा घेतला. कोणाला नळ दुरुस्त करणारा हवा असायचा, कोणाला मुलीसाठी गणिताची शिकवणी, कोणाला जुनं कपाट घरातून घालवायचं असायचं. सासूबाई दोन सेकंद डोळे मिटायच्या, "थांबा हं, जोडून देते" म्हणायच्या, आणि दुसऱ्या दिवशी ज्याला हवंय तो आणि ज्याच्याकडे आहे तो असे दोघं कुंडापाशी समोरासमोर उभे. सासूबाई तोवर दोन पावलं मागे सरलेल्या. त्यांचे नियम दोनच होते. गिऱ्हाइकाला एखादी गोष्ट कशाला हवीय हे विचारायचं नाही, आणि जोडून दिलं की मध्ये राहायचं नाही. लोक त्यांना एक्स्चेंजच म्हणायला लागले.

शिवाय तोटीपाशी उभं राहून सगळ्यांचे कॅन भरून द्यायचं कामही त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. कॅनकडे त्या बघायच्याही नाहीत, लक्ष सगळं गप्पांत. पण कॅन भरत आला की पाण्याचा आवाज बदलतो, आधी घोगरा असतो तो बारीक होत जातो. तो नेमका हवा तेवढा बारीक झाला की सासूबाई बोलता बोलता "उचला" म्हणायच्या. कॅन गळ्यापर्यंत भरलेला आणि एक थेंब बाहेर नाही. हे सगळं चालू असताना मी मागे उभा राहून तोंडातल्या तोंडात जे पुटपुटायचो ते इथे सांगण्यासारखं नाही. साडेसहाला उठवलेल्या माणसाकडून आणखी काय अपेक्षा ठेवणार.

आणि यंदा एका सकाळी कॅन भरून वाहायला लागला. पाणी सासूबाईंच्या बुटांवर पडतंय आणि त्या आपल्या शांत उभ्या. ओठ तेवढे हलत होते. मला वाटलं, मलाच शिव्या घालतायत. जवळ गेलो तर बाई आकडे मोजत होत्या. सदतीस, अडतीस, एकोणचाळीस. चाळिसाला त्या "उचला" म्हणाल्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांना पाण्याचा आवाज ऐकूच येत नव्हता. कोण जाणे कधीपासून, त्या मोजून कॅन भरत होत्या, आणि त्या दिवशी नेमकी झऱ्याला धार मोठी होती.

घरी येऊन बायकोला सांगितलं तर तिला आधीच ठाऊक होतं. दारावरची बेल, टीव्हीचा आवाज, सगळं तिच्या लक्षात आलं होतं. कानाच्या डॉक्टरांचं नाव तिने दोनदा काढून पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं होतं. दुसऱ्यांदा तर त्यांनी ठणकावून सांगितलं, की ज्या दिवशी माझ्याकडून राँग नंबर लागेल त्या दिवशी मी हेडफोन खाली ठेवीन, झऱ्याकडे फिरकणारही नाही. झऱ्यावरही त्यांनी हे सगळ्यांना ऐकवलं होतं. बाई एकदा बोलल्या की तसंच करणार, हे आम्हा दोघांनाही माहीत. बायकोच्या डोळ्यांपुढे ते खिडकीतले चार महिने उभे राहिले. तिने मला बजावलं, तुमच्या त्या फटकळ तोंडाला आधी कुलूप घाला. मी घातलं.

मग तो मंगळवार आला. कोपऱ्यावरची बेकरीवाली रांगेत कॅन ठेवून सासूबाईंपाशी आली. तिच्याकडे अचानक केकची ऑर्डर आली होती आणि दुसऱ्या दिवशी बाजार बंद. कोणाच्या परसात चार-पाच गाजरं मिळतील का, मोठी असली तर बरं, असं तिने विचारलं. मी दोन पावलांवर होतो, मला स्वच्छ ऐकू आलं. सासूबाईंनी डोळे मिटले. कपाळाला जराशी आठी पडली. मला वाटलं, गाजरांचा हंगाम नसेल. मग त्या नेहमीसारखं "थांबा हं, जोडून देते" म्हणाल्या आणि मी विसरून गेलो.

बुधवारी लाकडाच्या वखारीचा रखवालदार एक मोठं खोकं छातीशी धरून पायऱ्या उतरला. खोक्याला वरून भोकं पाडलेली होती. गाजरांना कशाला लागतात भोकं, असं माझ्या मनात आलं तेवढ्यात बेकरीवालीने आभार मानत झाकण उघडलं. आत मांजराची चार पिल्लं होती आणि एक कान फाटलेला दांडगा बोका. रखवालदार ओशाळून सांगायला लागला, की मोठं एवढं एकच हाताला लागलं, बाकीची लहान आहेत, पण ती काय, वाढतील.

रांगेतल्या सगळ्या माना खोक्याकडे वळल्या. मला जे कळलं ते सगळ्यांनाच कळलं होतं. गाजरं मागितली होती, सासूबाईंनी मांजरं असं ऐकलं होतं, आणि बेकरीत पाच मांजरं कशाला हवीत हे विचारणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं. त्या आपल्या दोन पावलं मागे उभ्या, चेहरा कसा फुललेला. बेकरीवालीने खोक्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं.

"अगदी हवी होती तश्शी, मावशी," ती म्हणाली, आणि बोक्याने बोचकारायच्या आत झाकण लावलं.

मग सगळ्यांनाच कंठ फुटला. बेकरीत मांजर हवंच, उंदीर काय कमी असतात, असं कोणी म्हणालं. निवृत्त पोस्टमनकाका तर आपला कॅन रांगेत तसाच सोडून घरी गेले आणि कोटाच्या आत काहीतरी लपवत परत आले. कोटाखालून गाजरांचा पाला लोंबत होता. सासूबाईंना तो दिसू नये म्हणून तीन माणसं त्यांच्यापुढे भिंतीसारखी उभी राहिली.

झऱ्यावर हा जो कट शिजला त्याला तोड नव्हती. जो तो सासूबाईंशी लोण्यासारखं बोलायला लागला, तोही एक पट्टी वरच्या आवाजात. आज काय छान दिसताय, हा कोट नवा वाटतं, तब्येत बरी ना. बेकरीवाल्याला मांजरांचं वावडं निघालं, तो शिंकून शिंकून लाल झाला, पण त्यालाही बायकोने दम भरला होता. रोज सकाळी सासूबाई मांजरांची खुशाली विचारायच्या आणि बेकरीवाली न चुकता सांगायची, मजेत आहेत. मी गप्प. कुलूप घातलेलं होतं ना.

सोमवारी भरलेले कॅन घेऊन वर चढत होतो. सोळाव्या पायरीपाशी वळणावर एक बाक आहे, तिथे सासूबाई टेकल्या आणि मलाही बसायला सांगितलं. त्या कधी मध्ये थांबत नाहीत.

"जावईबापू, बेकरीवालीने त्या दिवशी काय मागितलं होतं?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. म्हणाल्या, "पाच दिवस सगळे माझ्याशी गोड बोलतायत. लाइनवर माणसं अशी एकदम गोड बोलायला लागली की समजावं, काहीतरी झाकतायत. तुम्ही एकटे तेवढे नेहमीसारखे तोंड पाडून आहात. म्हणून तुम्हाला विचारते."

बायकोचा दम आठवला. खिडकी आठवली. मांजर एवढा एक शब्द बोललो असतो तर सगळं आहे तसं चालू राहिलं असतं. पण माझ्या लक्षात आलं, की सासूबाई माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हत्या, ओठांकडे बघत होत्या. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांचं नीट ऐकलं, त्या बाईला आता माझ्यासारख्याच्या तोंडाकडे टक लावून बसावं लागतंय. अशा माणसाशी खोटं बोलवत नाही.

"गाजरं," मी त्यांच्याकडे नीट तोंड करून म्हणालो.

"गाजरं," त्या म्हणाल्या. मग उठल्या आणि उरलेल्या पंधरा पायऱ्या चढून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या उठल्या नाहीत. म्हणजे उठल्या, पण खिडकीशी जाऊन बसल्या. बायकोने माझ्याशी अबोला धरला. माझं ताट ती असं आपटायची की त्याचा आवाज सासूबाईंनाही गेला असावा. आता मला हवं तेवढं झोपायला मोकळीक होती, पण साडेसहाला आपोआप जाग आली. कॅन उचलले आणि एकटाच गेलो. झऱ्यावर नुसता गोंधळ. कॅन भरून वाहतायत, पुढचा कोणाचा याचा पत्ता नाही, दोघांचं तर नंबरावरून वाजलं. खालच्या वहिनींनी बातमी आधीच पोचवली होती. पोस्टमनकाकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांची पत्रं फोडून वाचली होती. बेकरीवालीने सरळच विचारलं, एवढी एक गोष्ट पोटात ठेवता आली नाही का तुम्हाला? मी खाली मान घालून पाणी भरलं. दुसरा दिवसही तसाच गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी एका गिऱ्हाइकाची किल्ली कापत होतो. फटीत अंधार झाला म्हणून वर पाहिलं, तर दारात सासूबाई. चांगले बूट, हातात पर्स. सहा वर्षांत त्या माझ्या दुकानात कधी आल्या नव्हत्या. त्यांनी स्टूल ओढून घेतलं, गिऱ्हाइकाला संध्याकाळी यायला सांगितलं, आणि मला मशीन बंद करायला लावलं.

"दोन दिवस विचार करतेय," त्या म्हणाल्या. "राँग नंबर माझ्याकडून लागलेला नाही."

झालं, मी मनात म्हटलं, आता हे गाजर-मांजर पुन्हा पहिल्यापासून.

"लाइन खराब होती," त्या पुढे म्हणाल्या. "लाइन खराब असली तर ऑपरेटरला घरी बसवत नाहीत, लाइनमनला बोलावतात. चला, दुकान बंद करा."

मी बावळटासारखं विचारलं, कुठे, कानाच्या डॉक्टरांकडे? तर म्हणाल्या, मग काय पोस्टात? शटरला कुलूप लावताना माझ्या हातातून किल्ली दोनदा पडली. किल्लीवाल्याच्या हातातून. मला आनंदच तेवढा झाला होता, लपवून काय करू.

वाटेत त्या सांगायला लागल्या, की एक्स्चेंजमध्ये नव्या आलेल्या मुलींना त्या पहिल्याच दिवशी बजावायच्या, नीट ऐकू आलं नाही तर अंदाजाने जोडायचं नाही, पुन्हा विचारायचं, त्यात लाज कसली. आणि स्वतः मात्र वर्षभर अंदाजाने जोडत बसल्या होत्या. मग त्यांनी विचारलं, सगळ्यांना कळत होतं ना? मी मान हलवली.

"मग कोणी बोललं का नाही?"

"तुम्ही झऱ्यावर यायचं सोडाल म्हणून."

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. रस्ता ओलांडताना त्यांनी माझा दंड धरला आणि पलीकडे गेल्यावरही सोडला नाही.

तपासण्या, मापं, मशीन बनून येणं, यात बारा दिवस गेले. शेंगदाण्याएवढी दोन मशीनं, एकेका कानात एकेक. पहिला आठवडा सासूबाईंनी सगळ्यांना फैलावर घेतलं. फ्रिज गुरगुरतो, वरच्या मजल्यावरचे पाय आपटतात, माझी बायको फार घाईत बोलते. एकदा मुद्दाम दुकानात येऊन माझं मशीन चालू असताना पाच मिनिटं बसल्या आणि मला विचारलं, हे असलं तुम्ही दिवसभर ऐकता? तेव्हापासून संध्याकाळी घरी गेलो की माझ्यापुढे कोणी मोठ्याने बोललेलं त्यांना चालत नाही.

झऱ्यावर पुन्हा निघाल्या तो दिवस मी विसरणार नाही. सोळाव्या पायरीवर त्या थबकल्या. झरा तिथूनच ऐकू येत होता. आम्हाला तो रोजच यायचा, आम्ही कधी लक्ष दिलं नव्हतं. त्या मिनिटभर तशाच उभ्या राहिल्या आणि मग उरलेल्या पायऱ्या मुलीसारख्या भरभर उतरल्या. खाली बेकरीवालीने येऊन त्यांचे दोन्ही हात धरले. पिल्लांना तिने घरं शोधून दिली होती, पण बोका बेकरीतच राहिला होता. नवऱ्याने शिंकत शिंकत का होईना, त्याला ठेवून घेतलं होतं आणि नावही ठेवलं होतं. काय नाव ठेवलं, सासूबाईंनी विचारलं. बेकरीवाली जरा चाचरली, मग म्हणाली, गाजर. सासूबाई हसल्या ते इतक्या, की त्यांना कठड्यावर बसवावं लागलं.

मग पहिला कॅन तोटीखाली गेला. कोणी काही ठरवलं नव्हतं, पण सगळे बोलायचे थांबले. सासूबाईंचे ओठ या वेळी हलत नव्हते. डोळे मिटलेले, मान जराशी कलती. पाण्याचा घोगरा आवाज चढत चढत बारीक झाला.

"उचला."

कॅन गळ्यापर्यंत भरलेला होता. पोस्टमनकाकांनी नाक शिंकरलं, कोणीतरी पायाने कॅन पुढे सरकवले आणि रांग चालू झाली.

मी मागे माझ्या ठरलेल्या जागी उभा होतो. जुनी खोड, तोंडातल्या तोंडात पुटपुटून गेलो, की इतके दिवस तुम्ही नव्हतात तर इथे अगदी भकास वाटत होतं, मला करमतच नव्हतं. सहा वर्षं मी त्यांच्या पाठीमागे काय काय पुटपुटलो होतो, आणि आता ती पाठ ऐकायला लागलीय, हे त्या घडीला माझ्या ध्यानातच आलं नाही.

"काय म्हणालात, जावईबापू?" मागे वळूनही न बघता सासूबाई म्हणाल्या. "पुन्हा सांगा. लाइन क्लिअर आहे."

अख्खी रांग माझ्याकडे बघायला लागली.

"राँग नंबर," मी म्हणालो आणि माझा कॅन पायाने पुढे सरकवला.